मानसशास्त्र शिकायचंय आणि शिकवायचंही आहे: बारावीनंतर काय?

नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

श्रीवर्धनकडच्या एका मुलीचा मेसेज आला होता. बारावी आर्ट्स झाली, मानसशास्त्र विषय होता, तो आवडला. घरचे म्हणतात डी.एड. कर, दोन वर्षांत मोकळी होशील. तिला मानसशास्त्रात बी.ए. करायचंय आणि पुढे शाळेत शिकवायचंही आहे. "ताई, हे घरी राहून होईल का?" असा तिचा प्रश्न.

आधी 'घरी राहून'चं सांगते, कारण तिथे बदल झालाय आणि तो आपल्याकडच्या मुलींना चांगलाच लागणारा आहे. इतकी वर्षं किनाऱ्यावरच्या मुली मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायच्या, घरचं सांभाळून बी.ए. व्हायच्या. पण २०२१ साली आरोग्यसेवेशी जोडलेल्या व्यवसायांसाठी केंद्राचा एक कायदा आला, त्यात मानसशास्त्रही धरलेलं आहे. त्याचा आधार घेऊन यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. म्हणजे मराठी, इतिहास, अर्थशास्त्र घरून करता येतं, मानसशास्त्र नाही. हेतू समजतो मला. माणसाच्या मनाशी काम करणाऱ्याने प्रत्यक्ष शिकलं पाहिजे, बरोबर आहे. पण याची किंमत दादरच्या मुलीला पडत नाही, दिघीच्या मुलीला पडते. तिला आगरदांड्याची जेट्टी गाठून पुढे एसटीने अलिबाग करायचं, नाहीतर मुंबई-पनवेलला हॉस्टेल बघायचं. आणि मांडव्याहून गेटवेच्या लाँचा नेमक्या पावसाळ्यात बंद, जेव्हा कॉलेज सुरू होतं. रो-रो चालते म्हणा, तीही समुद्राने परवानगी दिली तर.

तेव्हा घर सोडायचंच असेल तर कशासाठी सोडतोय ते माहीत हवं.

बी.ए.ला मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं, असा समज घेऊन बऱ्याच जणी येतात. पहिल्या वर्षात तो जातो. स्मरण, अवधान, प्रेरणा, विकास असे विषय येतात आणि पुढे मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्र. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध. आर्ट्स घेऊन गणितातून सुटले म्हणणाऱ्यांचा इथे चेहरा उतरतो. पण शिकवायचं असेल तर हाच भाग सगळ्यात उपयोगाचा, असं माझं मत आहे.

कसं ते बघा. १९०४ साली फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. वर्गात मागे पडणाऱ्या, वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांचं काय करायचं, हा विषय. त्या कामासाठी आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमॉन यांनी १९०५ साली चाचणी बनवली. हेतू मदत कुणाला हवी हे शोधण्याचा. हा आकडा म्हणजे मुलाची कायमची पातळी, असं बिने मानत नव्हते. पुढे ती अमेरिकेत गेली, स्टॅनफर्डमध्ये टर्मन यांनी १९१६ साली तिची सुधारित आवृत्ती काढली, आणि बुद्ध्यांक हा शब्द घरोघरी पोचला.

आता आपल्याकडे. १९३०च्या दशकात धारवाडकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तयार केली. नुसतं भाषांतर करून भागत नाही हो. परदेशातल्या मुलाच्या रोजच्या बघण्यातली वस्तू आपल्या मुलाने पाहिलेलीच नसेल, तर त्याचं उत्तर चुकलं म्हणजे बुद्धी कमी, असं कसं म्हणणार? शिवाय कुठल्या वयाच्या किती मुलांना कुठला प्रश्न येतो, हे इथल्याच मुलांवर तपासावं लागतं. ती बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. मानसशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलीला हे नाव माहीत असायलाच हवं.

मी रेवदंड्याच्या बाजूला शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. सातवीतला एक कोळ्याचा मुलगा. फळ्यावर गुणाकार मांडला की गप्प. तोच संध्याकाळी बंदरावर आईच्या बाजूला बसून पापलेटच्या वाट्यांचा हिशोब तोंडी करायचा, सुट्टे पैसे परत द्यायचा, एक रुपया इकडेतिकडे नाही. स्टाफरूममध्ये त्याला 'ढ' म्हणायचे. मला मात्र बी.ए.ला वाचलेला एक अभ्यास आठवायचा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांवर केलेला, १९८५ साली छापलेला. मुलांनी धंदा करताना सोडवलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के बरोबर होते. तशीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून कागदावर दिली तर ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड दिली तर ३७. मुलं तीच बरं का. पाच मुलं म्हणजे नमुना फार लहान, हेही मानसशास्त्रच शिकवतं. पण त्यामुळे मी फळ्यावर आधी वाटा, किलो, भाव लिहायला लागले आणि गुणाकाराचं चिन्ह नंतर. तो मुलगा पहिल्या नंबराला वगैरे आला नाही. उत्तर द्यायला हात मात्र वर करायला लागला.

शिक्षणशास्त्र इथून सुरू होतं. मूल कसं शिकतं हे मानसशास्त्र सांगतं, आणि चाळीस मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात त्याचं काय करायचं हे शिक्षणशास्त्र.

आता नियमांचं. इथे गोंधळ फार आहे.

शाळेत दहावीपर्यंत मानसशास्त्र नावाचा विषयच नाही. अकरावी-बारावीला आहे, पण तिथे शिकवायला एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतं. म्हणून बी.ए.ला मानसशास्त्र मेजर घेणार असाल तर मायनर शाळेत शिकवला जाणारा विषय ठेवा: मराठी, इतिहास, भूगोल, जे कॉलेजात मिळेल ते. बी.एड.च्या प्रवेशाला आणि भरतीला तोच कामाला येतो. प्रवेश घेण्याआधी ऑफिसात विचारा, नंतर नाही.

बी.एड. दोन वर्षांचं आहे. आणि ११ ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीचं शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड., म्हणजे ज्याला आपण अजून डी.एड. म्हणतो तेच लागतं. तेव्हा घरचे सांगतायत ते अगदीच जुनं नाही. लहान मुलांना शिकवायचं असेल तर तोच रस्ता, आणि त्यातही बालमानसशास्त्र आहेच. वर टीईटी आणि अभियोग्यता चाचणी दोन्हीकडे आहेत. तिसरा रस्ता चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा, बारावीनंतर एनसीईटी परीक्षा देऊन. पदवी आणि शिक्षकप्रशिक्षण एकत्र, एक वर्ष वाचतं, पण अशा संस्था अजून मोजक्याच आहेत.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. मानसशास्त्रात बी.ए. झालं की समुपदेशक होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आपल्यावरून गेलं. नंतर शाळा उघडल्या तरी वारा वाढला की काही मुलं दप्तर आवरायला लागायची. शिक्षिकेचं काम हे दिसणं, मुलाला हसू न देणं, घरच्यांशी बोलणं आणि गरज पडली तर पुढे पाठवणं. उपचार करणं नाही. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तो शाळेत भिंतीवर लावून ठेवा.

तर श्रीवर्धनच्या ताई, माझं उत्तर असं. पहिली ते पाचवीच्या मुलांत रमणार असशील तर घरच्यांचं ऐक, डी.एड. कर. बी.ए. नंतर मराठीत किंवा इतिहासात मुक्त विद्यापीठातून होईल. पण मोठ्या मुलांना शिकवायचं असेल, किंवा मानसशास्त्रच पुढे न्यायचं असेल, तर आत्ताच हॉस्टेलचा हिशोब घेऊन घरच्यांसमोर बस. हॉस्टेलची फी, मेस, महिन्याला एक फेरी, आणि पाच वर्षं की चार, असं सगळं एका कागदावर लिही. मागास प्रवर्गातली असशील तर महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आणि सरकारी वसतिगृहाचा अर्ज दोन्ही त्यात धर. दोन्हीच्या तारखा वेगवेगळ्या असतात.

पुढच्या भागात टीईटीच्या बालमानसशास्त्राच्या प्रश्नांवर बोलू. तुमच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर फोटो पाठवा.