वेष्टनावरचे आकडे आणि गुळाचा रंग

प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनामागे बारीक अक्षरांत जी घटकपदार्थांची यादी छापलेली असते, तीत येणाऱ्या तीन अंकी क्रमांकांविषयी आपल्या सुशिक्षित समाजातही जी एक धास्ती आढळते, आणि ‘हे आकडे दिसले की पुडा खाली ठेवा’ अशा मजकुराच्या ज्या याद्या हातोहात फिरत असतात, त्या धास्तीची व त्या याद्यांची परंपरा बरीच जुनी आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये असेच एक टंकलिखित पत्रक घरोघर फिरू लागले. पॅरिसनजीकच्या व्हिलझ्युईफ येथील नामांकित कर्करोग रुग्णालयाने ते काढले आहे, असा त्यात खोटाच दाखला दिलेला होता. रुग्णालयाने त्याचा वारंवार इन्कार केला, तरी पुढे दहा-बारा वर्षे शिक्षक, डॉक्टर व गृहिणी त्याच्या प्रती काढून वाटीतच राहिल्या. या पत्रकात ज्या द्रव्याला सर्वांत भयंकर कर्करोगकारक ठरविले होते, त्याचा क्रमांक ३३०. हा क्रमांक सायट्रिक आम्लाचा, म्हणजे लिंबाच्या आंबटपणाचा आहे. ही चूक कशी झाली असावी, याविषयी एक तर्क प्रसिद्ध आहे : शरीरातील पेशी अन्नापासून शक्ती मिळवितात त्या प्रक्रियेत सायट्रिक आम्लाचा सहभाग असतो, ते चक्र उलगडून दाखविणाऱ्या व १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव क्रेब्स, आणि जर्मन भाषेत क्रेब्स म्हणजे कर्करोग.

वास्तविक हे क्रमांक म्हणजे केवळ दप्तरातील नोंदी आहेत. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोहोंनी मिळून १९६३ साली स्थापिलेल्या कोडेक्स आयोगाने, देशोदेशींच्या भाषांमुळे घोटाळा होऊ नये म्हणून, प्रत्येक अनुज्ञेय द्रव्याला एक क्रमांक दिला. त्या यादीत १०० हा क्रमांक हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याचा आहे, २६० हा व्हिनेगरमधील आम्लाचा, ३०० हा क जीवनसत्त्वाचा आणि ५०० हा आपल्या स्वयंपाकघरातील खाण्याच्या सोड्याचा. त्याच यादीत १०२ हा टार्ट्राझीन या कृत्रिम पिवळ्या रंगाचा आणि २११ हा सोडियम बेंझोएटचाही आहे. सबब क्रमांक आहे म्हणून विष आहे, हे जितके निराधार, तितकेच क्रमांक आहे म्हणून मनमुराद खावे, हेही निराधार.

अजिनोमोटोची हकीकत मात्र जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण एखाद्या द्रव्याची अपकीर्ती कशी होते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. १९०८ साली टोकियो येथील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्रशैवालाच्या सारातील विशिष्ट रुचीचा शोध घेता घेता ग्लुटामेट वेगळे काढले, आणि पुढच्याच वर्षी त्याचे लवण ‘अजिनोमोटो’ या नावाने बाजारात आले. हे ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असते, मुरलेल्या चीजमध्ये असते, आणि मातेच्या दुधात तर ते गाईच्या दुधाहून अधिक असते. साठ वर्षे जगभर ते निर्धास्तपणे खाल्ले गेले. मग १९६८ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या रॉबर्ट हो मान क्वोक या चिनी वंशाच्या डॉक्टरांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळविले की, तेथील चिनी उपाहारगृहांत जेवल्यावर मानेत बधिरता, अशक्तपणा व छातीत धडधड जाणवते. कारण काय असावे याविषयी त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकात वापरली जाणारी मद्ये, मीठ आणि ग्लुटामेट असे अनेक संशय व्यक्त केले होते. लोकांच्या स्मरणात त्यांतला एकच राहिला. दुसऱ्याच वर्षी नवजात उंदरांच्या कातडीखाली ग्लुटामेटच्या मोठ्या मात्रा टोचल्या असता त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि संशयाचे रूपांतर समजुतीत झाले.

पुढे जे प्रयोग झाले, आणि ज्यांत खाणाऱ्यालाही ठाऊक नसे व देणाऱ्यालाही ठाऊक नसे की पेल्यात काय आहे, त्यांत स्वतःला अजिनोमोटो बाधते असे सांगणाऱ्या माणसांतही तो त्रास सातत्याने आढळला नाही. तीन ग्रॅम वा त्याहून अधिक ग्लुटामेट अन्नावाचून घेतले तर काहींना डोकेदुखी, बधिरता अशी तात्पुरती लक्षणे जाणवतात, एवढे खरे आहे. परंतु जेवणातील एका वाढणीत ते सहसा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. माझ्या मते त्याच्याविषयी खरी तक्रार निराळीच आहे : बेचव, निकृष्ट, अतिखारट अन्न त्याच्या साहाय्याने रुचकर होते आणि मूल ते पुन्हा पुन्हा मागते. १९६८ सालच्या पत्रावर घोळत बसल्याने या तक्रारीकडे लक्षच जात नाही. शिवाय ‘अजिनोमोटो घातलेले नाही’ अशी ग्वाही देणाऱ्या पुड्यात ६२७ व ६३१ या क्रमांकांची रुचिवर्धके, किंवा यीस्टचा अर्क, ज्यात ग्लुटामेट स्वभावतःच असते, ही सर्रास आढळतात.

मात्रेचा विचार आपल्याकडे फारच थोडे लोक करतात. १९५६ पासून काम करीत असलेली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची समिती, प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत कोणताच अपाय दिसत नाही ती मात्रा घेते, तिला सामान्यतः शंभराने भागते, आणि जन्मभर रोज घेतली तरी चालेल अशी दैनिक मर्यादा ठरविते. जुलै २०२३ मध्ये अस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या द्रव्याविषयी दोन निर्णय एकाच दिवशी जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले, आणि या तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. अनेकांना यात विसंगती दिसली. पहिली संस्था एवढेच पाहते की एखादी गोष्ट कोणत्याही परिस्थितीत कर्करोगाला कारण होऊ शकते काय आणि त्याचा पुरावा किती सबळ आहे. किती मात्रेने किती धोका, हा दुसरीचा प्रश्न आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा रोज २४०० मिलिग्रॅम पडते, आणि साखरविरहित पेयाच्या एका डब्यात सुमारे दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम अस्पार्टेम असते.

आता त्या समजुतीकडे वळतो जी मला सर्वांत घातक वाटते, ती म्हणजे पुड्यातले तेवढे कृत्रिम आणि सुटे, गावठी, ‘नैसर्गिक’ तेवढे निर्धोक. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत काहिलीतील रस उकळत असताना मळी वर आणण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची रीत जुनी आहे, आणि तसा गूळ तांबूस-तपकिरी निघतो. परंतु गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, बाजारात त्यालाच चढा भाव मिळतो, आणि म्हणून रसात ‘हायड्रोस’ म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट ही भुकटी पडते, जी मूळची कापड रंगविण्याच्या व विरंजनाच्या धंद्यातली. तिच्यामुळे गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश राहतो. कायद्याने त्याची मर्यादा दशलक्षांत सत्तर भाग अशी घातली आहे, पण सुट्या ढेपेवर ना क्रमांक असतो ना यादी. साखरेच्या ‘केमिकल’ला भिऊन गुळाकडे वळलेला माणूस नेमका हा गूळ सर्वांत शुद्ध समजून घरी नेतो, हे पाहून मला खेद होतो. दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याचा मानता येणार नाही, कारण त्याला हे करावयास लावणारी आपली रंगाची हौस आहे.

हळदीचेही तेच. हळकुंडाच्या भुकटीत कोणताही बाहेरचा रंग घालण्यास आपल्याकडे पूर्ण मनाई आहे, तरी मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग तिच्यात सापडत आलेला आहे. बांगलादेशात हळकुंडांना शिशाच्या क्रोमेटची झिलई देण्याची प्रथा पडली होती, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचे बाधते. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत ते आढळले. शासनाने दवंडी पिटविली, तपासनीस पाठविले, दंड केले, आणि २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. कायद्याची अंमलबजावणी मनापासून केली तर काय होऊ शकते, याचा इतका आनंददायक दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

याच्या उलट टोकाला, ‘सरकारची परवानगी आहे, म्हणजे चिंता नाही’ असे म्हणणारेही भेटतात. परवानगी ही त्या-त्या काळच्या ज्ञानावर दिलेली असते आणि ज्ञान वाढले की ती काढून घ्यावी लागते. परंतु ही फेरतपासणी फार सावकाश चालते. पाव फुगीर व्हावा म्हणून कणकेत घातले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगकारक असण्याचा संभव १९९९ पूर्वीच नोंदला गेला होता. भारतात ते अनुज्ञेय यादीतून निघाले २०१६ साली, तेही दिल्लीच्या एका स्वयंसेवी संशोधन संस्थेने पावाचे नमुने तपासून गवगवा केल्यानंतर. एरिथ्रोसिन या लाल रंगाने उंदरांत कंठग्रंथीचा कर्करोग होतो म्हणून अमेरिकेने १९९० मध्ये तो सौंदर्यप्रसाधनांत मना केला, आणि अन्नातून काढण्याचा हुकूम निघण्यास जानेवारी २०२५ उजाडले. ओठांना लावण्यास अयोग्य ठरलेला रंग पस्तीस वर्षे मुलांच्या गोळ्यांत चालू राहिला, याचे समर्थन कोणीही करू शकणार नाही. युरोपात तर सहा कृत्रिम रंगांपैकी कोणताही घातलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवर, मुलांच्या चंचलतेवर व अवधानावर विपरीत परिणाम होण्याचा संभव आहे, असा इशारा २०१० पासून सक्तीचा आहे. त्यांतला टार्ट्राझीन आपल्या आठ अनुज्ञेय कृत्रिम रंगांपैकी एक आहे.

बंदी घालतानाही कशावर घालावी, याचा विवेक हवा. २०२४ च्या प्रारंभी म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांनाच मनाई केली. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीतही त्यांच्यावर निर्बंध आले होते, आणि कारण अस्वच्छतेबरोबर कृत्रिम रंगाचेच होते. फुलकोबीने कोणाचे काही बिघडविले नव्हते. २०२४ च्याच मार्चमध्ये कर्नाटक शासनाने पदार्थ राहू देऊन त्यातले कृत्रिम रंग तेवढे मना केले, हे मला अधिक रास्त वाटते. मुले ज्याला ‘बुढ्ढी के बाल’ म्हणतात त्या गुलाबी मिठाईत रोडामिन बी हा कापडाचा रंग सापडल्यावरून फेब्रुवारीत तामिळनाडूनेही कारवाई केली होती. हा रंग कोणत्याच अनुज्ञेय यादीत नाही, आणि जत्रेत काठीवर गुंडाळून मिळणाऱ्या त्या मिठाईला वेष्टनच नसते.

राहता राहिले ते लोक, ज्यांना अनुज्ञेय द्रव्यही अल्प मात्रेत बाधू शकते. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अस्पार्टेम वर्ज्यच करावे. एक वर्षाखालील बालकांच्या अन्नात ग्लुटामेट घालू नये. दम्याच्या रोग्यांपैकी काहींना सल्फाइटने धाप लागते, आणि म्हणून किलोमागे दहा मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असल्यास वेष्टनावर तसे छापणे बंधनकारक आहे. २२० ते २२८ या दरम्यानचे क्रमांक त्यांनी अवश्य वाचावेत. तासगावकडचा सोनेरी बेदाणा गंधकाची धुरी देऊन पिवळा राखलेला असतो, तेव्हा अशा घरी सुटा बेदाणा घेण्याऐवजी वेष्टनातला, नोंद वाचून घ्यावा, किंवा धुरी न दिलेल्या काळ्या मनुका आणाव्यात.