गोळी निवडताना आपलंही मत हवं

साखरेची गोळी डॉक्टरांनी लिहायची आणि आपण मुकाट्याने गिळायची, ही आपली जुनी रीत. मराठीत ‘मधुमेह’ म्हणा की कन्नडमध्ये ‘सक्करे कायिले’, औषध जन्मभराचं. मग ते ठरवताना घेणाऱ्याला कोणी विचारायला नको का?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी यासाठी एक साधन तयार केलं. आधी ती नुसती कार्डं होती, पुढे संगणकावर आली. तिथं सुरुवात औषधांच्या नावांपासून होत नाही. वजन, साखर एकदम उतरणं, गोळी की सुई, दुष्परिणाम, खर्च असे विषय मांडलेले असतात. ‘यातलं आधी कशावर बोलूया?’ हे रुग्णानं सांगायचं.

माझ्या सासूबाईंना मी ते मोबाइलवर दाखवलं, मराठीत समजावून. त्या मंगळवार आणि एकादशी सोडत नाहीत. त्यांनी लगेच ‘साखर उतरणं’ यावर बोट ठेवलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वस्त. पण पोट रिकामं असलं की साखर फार खाली जाऊ शकते. ग्लिप्टिन गटात ही भीती बरीच कमी. त्या महाग होत्या. पण २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि आपल्याकडे किमती उतरल्या.

पुढच्या भेटीत त्या स्वतःच डॉक्टरांना म्हणाल्या, ‘उपवास माडतीनि, तली तिरगतैति.’ उपासाला चक्कर येते, हे इतक्या वर्षांत प्रथमच डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्यांनी तपासून गोळी बदलली.

अशा साधनांवरच्या २०९ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये घेतला. रुग्णांची माहिती वाढते आणि निर्णयात ते अधिक भाग घेतात, असं त्यात दिसलं. अडचण एवढीच, की हे साधन इंग्रजीत आणि खर्च तिकडचा. त्यामुळे घरातल्या शिकलेल्या मुला-सुनांनी सोबत बसायला हवं. औषधाची इथली किंमत दुकानात विचारावी.

मोबाइल नसला तरी दवाखान्यात जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: उपास कधी, जेवणाची वेळ काय, महिन्याला किती खर्च झेपेल, कशाची भीती वाटते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये, बदलूही नये. बोलावं मात्र जरूर. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला.