हृदय, चुंबक आणि थेम्स नदी

हृदयाचा एमआरआय काढताना छातीवर ईसीजीच्या पट्ट्या कशासाठी चिकटवतात, असे एका वाचकाने विचारले आहे. हृदय क्षणभरही थांबत नाही आणि एमआरआय तर सावकाशीचे काम. एका चित्रापुरती माहिती जमेपर्यंत कित्येक ठोके पडून जातात. म्हणून यंत्र ईसीजीतल्या ‘आर’ या टोकदार शिखराची वाट पाहते, ते दिसताच मोजणी सुरू करते आणि प्रत्येक ठोक्यातून थोडी थोडी माहिती गोळा करते. तोवर रुग्णाने श्वास रोखून धरायचा. जाहिरातींतली धडधडत्या हृदयाची देखणी चित्रफीत सहसा कुठल्याही एका ठोक्याची नसते. ती अनेक ठोक्यांच्या तुकड्यांची गोधडी असते. हे जाहिरातींत सांगायला हवे.

खरी गंमत पुढे आहे. रुग्ण एमआरआयच्या चुंबकात शिरला की त्याचा ईसीजीच बिघडतो! रक्त खारट, म्हणून वीजवाहक. ते चुंबकीय क्षेत्रातून वाहू लागले की विद्युतदाब निर्माण होतो. महाधमनीत रक्त उसळते त्याच सुमारास ईसीजीत ‘टी’ लहर येते. ती फुगते आणि यंत्र तिलाच ‘आर’ समजते.

मायकेल फॅरेडे हाच परिणाम जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर शोधत होता. पुलावरून लांबलचक तांब्याची तार नेऊन तिच्या दोन टोकांचे धातूचे पत्रे त्याने थेम्सच्या पाण्यात सोडले. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे वाहत्या नदीत वीज निर्माण झालीच पाहिजे, हा त्याचा तर्क अचूक होता. काटा हललाही, पण भलत्याच कारणांनी, आणि प्रयोग फसला. फॅरेडेच्या यशांच्या यादीत हा प्रयोग कुणी घेत नाही, याची मला फार खंत वाटते. एमआरआयचे १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट. थेम्सने जे त्याला दाखवले नाही, ते या चुंबकात झोपलेल्या प्रत्येकाची महाधमनी ठोक्या-ठोक्याला दाखवते.

‘टी’ला ‘आर’ समजण्याच्या चुकीवरचा उपाय असा, की विद्युतदाब किती यासोबत त्याची दिशाही पाहायची. ‘आर’ची दिशा वेगळी आणि रक्तप्रवाहामुळे उद्भवणाऱ्या दाबाची वेगळी, त्यामुळे यंत्र सहसा फसत नाही.

अनियमित ठोक्यांच्या रुग्णांचा प्रश्न मात्र उरतो. तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, चित्र धूसर येते. अशा वेळी वेडेवाकडे ठोके गाळतात किंवा थोडी बारकाई सोडून वेगाने थेट चित्रण करतात. त्यामुळे ठोके अनियमित असतील, तर तपासणीची वेळ घेतानाच तंत्रज्ञांना सांगावे.