डिलीट मारलं? नुसता कंस झाला!

सात-बाऱ्यावरचं एखादं नाव कमी करायचं असेल तर तलाठी भाऊसाहेब ते खरवडून काढत नाहीत, कंसात टाकतात. नाव वाचता येतं, जमीन जागेवर असते, पीकही डुलत असतं. फक्त कागदोपत्री त्या माणसाचा हक्क सरलेला असतो. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट मारली की नेमका असाच कंस होतो. रिसायकल बिन रिकामा करा नाहीतर शिफ्ट दाबून उडवा (मी कित्येक वर्षं याला ब्रह्मास्त्र समजत होतो), डिस्क फक्त 'ही जागा आता मोकळी' एवढीच नोंद करते. दुसरी फाइल येऊन त्या जागेवर बसेपर्यंत जुनी आत सुखरूप. इथं सुंभसुद्धा जळालेला नसतो, पिळाचं काय घेऊन बसलात!

जुन्या डॉसच्या जमान्यात तर आणखी मजा. फाइल उडवली की यादीतल्या तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलायचं. बाकी नाव जसंच्या तसं. १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' नावाची कमांड होती. समजा, 'पगार' नावाची फाइल उडाली, तर ती '?गार' होऊन समोर यायची आणि डॉस विचारायचं, पहिलं अक्षर कोणतं? 'प' टाकला की पगार परत. (खऱ्या पगाराला ही सोय अजून नाही.) पीटर नॉर्टन या अमेरिकन गृहस्थांनी १९८२ पासून उडालेल्या फायली परत आणणारा प्रोग्राम विकून नाव आणि दाम दोन्ही कमावलं. लोकांची बोटं घसरत राहिली आणि त्यांचं दुकान चालत राहिलं.

'आम्ही फॉरमॅट मारूनच विकतो' म्हणणाऱ्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात १५८ सेकंडहँड हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या किती? १२. उरलेल्यांत लोकांची पत्रं होती, आजारपणाची माहिती होती, हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर होते. एक डिस्क तर इलिनॉय राज्यातल्या एका एटीएममध्ये बसवलेली होती आणि तिच्यावर खातेक्रमांकांसकट व्यवहार तसेच पडले होते. कित्येक डिस्कवर फॉरमॅटही मारलेला होता. झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं; पानं कोण फाडणार?

या अर्धवट पुसण्यानं एक खुनी मात्र पकडून दिला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात डेनिस रेडर यानं १९७४ ते १९९१ या काळात दहा खून केले आणि पोलिसांना पत्रं पाठवून वर चिडवलं. पुढे त्यानं पोलिसांनाच विचारलं, फ्लॉपीवरून मजकूर पाठवला तर माग लागेल का, खरं सांगा! पोलिसांनी पेपरात छोटी जाहिरात देऊन कळवलं, काही होणार नाही, खुशाल पाठवा. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यानं एका टीव्ही केंद्राला जांभळी फ्लॉपी धाडली. तिच्यावर एक डिलीट केलेली वर्डची फाइल होती. फाइलच्या पोटात चर्चचं नाव आणि शेवटचा हात फिरवणाऱ्याचं नाव : डेनिस. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्षच होता तो. महिना संपायच्या आत बेड्या पडल्या. पकडल्यावर तो पोलिसांना म्हणाला, तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात? दहा खून करणाऱ्याला खोटेपणाचा राग यावा, हेही एक आश्चर्यच.

मग खरोखर पुसायचं कसं? जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहून. १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांनी एका निबंधात असं पुन्हा पुन्हा लिहिण्याचे ३५ प्रकार दिले. ते त्या काळच्या वेगवेगळ्या बनावटीच्या डिस्कसाठी होते. एकाच डिस्कला सगळे लागतील असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. पण लोकांना आकडा सापडला आणि ३५ आवर्तनांचं पारायण सुरू झालं. लोक याला भूत उतरवायचा मंत्र समजू लागलेत, असं शेवटी खुद्द गुटमन यांनाच लिहावं लागलं. आजच्या तबकडीच्या डिस्कवर सगळीकडे शून्यं भरणारा एक हात पुरतो, असं अमेरिकेच्या मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेतही आहे. एक टेराबाइटच्या डिस्कला एका हाताला दोनेक तास लागतात. ३५ हात म्हणजे जवळजवळ तीन दिवस आणि तीन रात्री. ज्यांना वेळ जात नाही त्यांनी जरूर करावं.

डिस्क पुसायला लोहचुंबक फिरवणाऱ्यांसाठी एक ओळ : हार्ड डिस्कच्या आतच, तबकडीला खेटून, फ्रिजवरच्या चुंबकापेक्षा कितीतरी ताकदवान चुंबक बसवलेले असतात.

एसएसडीचा, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणाऱ्या डिस्कचा, कारभार मात्र उफराटा. तिथं एकच कप्पा झिजू नये म्हणून डिस्क दरवेळी नवा कप्पा निवडते. तुम्हाला वाटतं जुन्यावर बोळा फिरवला. प्रत्यक्षात शेजारच्या भिंतीला रंग दिलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एसएसडी तपासल्या, तेव्हा एकेक फाइल पुसण्याची एकही पद्धत पुरी उतरली नाही. २०१५ मध्ये ॲपलनं मॅकमधली 'सुरक्षितपणे कचरा रिकामा करा' ही सोयच काढून टाकली. उलट 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळं एसएसडीवरून चुकून उडालेले लग्नाचे फोटो पार नाहीसे होऊ शकतात. लपवायचं ते राहतं, जपायचं ते जातं.

आणि जपायचं नशिबात असेल तर? १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि सहा सहकाऱ्यांना घेऊन परतणारं कोलंबिया यान टेक्सासवर, जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर तुटलं. त्यातली एक हार्ड डिस्क काही महिन्यांनी कोरड्या तळ्याच्या तळाशी सापडली, जळून गोळा झालेली. तज्ज्ञांनी तबकड्या धुतल्या, नव्या डब्यात बसवल्या आणि झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची ९९ टक्के माहिती बाहेर काढली. २००८ मध्ये त्यावर शोधनिबंधही छापून आला. मदतीला धावून आलं ते आपलं डॉस. माहिती डिस्कभर विखरून न टाकता ते एका भागात ठेवायचं आणि तो भाग वाचला होता.

तुमच्या-माझ्या लॅपटॉपसाठी सोपा उपाय एकच : विकायच्या वेळी नव्हे, घेतल्या दिवशीच विंडोजमधलं बिटलॉकर किंवा मॅकमधलं फाइलव्हॉल्ट चालू करायचं. सगळं कुलूपबंद राहतं. निरोप देताना किल्ली नष्ट केली की आतला मजकूर नुसता कचरा. बहुतेक नव्या फोनमध्ये फॅक्टरी रीसेट हेच करतं. डिस्क बंदच पडली असेल तर भंगारवाल्याला लॅपटॉप द्या, पण चार स्क्रू काढून डिस्क घरी ठेवा.

आणि अगदी पुरता निकाल लावायचा असेल तर इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्याकडं पाहा. अर्धवट कादंबऱ्या आपल्यामागं कुणी छापू नयेत, म्हणून हार्ड डिस्क रोलरखाली चिरडा, अशी त्यांची इच्छा होती. २५ ऑगस्ट २०१७ रोजी डॉर्सेटमधल्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत 'लॉर्ड जेरिको' नावाचा जुना रोलर तिच्यावरून अनेकदा फिरवला. तेवढ्यानं ती पुरती चिरडली नाही. शेवटी दगड फोडायच्या यंत्रात घालावी लागली.