फेसावर चढणारे तांबे

विरघळलेला धातू गाळणीत अडकत नाही, कितीही वेळ ठेवला तरी तळाशी बसत नाही आणि बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. शिशाची आपल्याकडची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. एवढे सूक्ष्म काही पाण्यातून वेचायचे कसे? दक्षिण आफ्रिकेतले रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स सेब्बा यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मधून एक वाट सुचवली: फेस करा.

खाणवाल्यांना फेस नवा नव्हता. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दळलेल्या खनिजाचे कण बुडबुड्यांवर चढवून जस्त वेगळे करू लागले होते. पण तिथे निदान कण तरी असतात. सेब्बांना सुटे आयन पकडायचे होते.

त्यासाठी चालते ते सोडियम लॉरिल सल्फेट, बऱ्याच टूथपेस्टच्या वेष्टनावर छापलेले असते तेच. त्याच्या रेणूचे डोके पाण्यात रमते, लांब शेपटीला मात्र पाण्याचे वावडे. नळीत खालून हवा सोडली की शेपट्या बुडबुड्यात घुसतात आणि डोकी पाण्यात राहतात. डोक्यांवर ऋणभार, तांब्याच्या आयनावर धनभार. आयन तिथे चिकटतो आणि बुडबुड्याबरोबर वर निघतो. फेस जसजसा चढतो तसतसे बुडबुड्यांमधले पाणी निथळून खाली येते. वरचा कोरडा फेस काढून मोडला की वाटीभर द्रवात धातू गोळा झालेला असतो.

मेख आहे ती हिशेबात. तांब्याच्या आयनावर दोन भार, म्हणून त्याला दोन रेणू लागतात. वजनात मांडले तर १ ग्रॅम तांब्यामागे सुमारे ९ ग्रॅम सोडियम लॉरिल सल्फेट, तेही काही वाया गेले नाही तर! मग सढळ हाताने ओतावे? तसेही जमत नाही. लिटरला साधारण २.३ ग्रॅमच्या वर गेले की रेणू पाण्यातच पुंजके करून बसतात आणि आयनांनाही खालीच धरून ठेवतात. बोअरचे दुष्फेन पाणी असेल तर कॅल्शियमही त्याच जागेसाठी भांडते. त्यामुळे या पद्धतीचे गोडवे गाण्याआधी पाणी कुठले, हे विचारावे. धातू अगदी थोडा आणि पाणी भरपूर, तिथेच ती परवडण्याची आशा.

खर्च वाचवायचा एक मार्ग म्हणजे आधी लोहाच्या हायड्रॉक्साइडचा साका तयार करून धातू त्याला चिकटू द्यायचा आणि मग साकाच फेसावर तरंगवायचा.

क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात गणित उलटते. क्रोमेट स्वतःच ऋणभारित, त्यामुळे तिथे धनभारित डोक्याची रसायने वापरावी लागतात. ती जलचरांना सहसा जास्त घातक असतात, म्हणून क्रोमियम निघाल्यावर तीही पाण्यात किती उरली, हे तपासावे लागते.