पृष्ठरचना सॉफ्टवेअरमधील अनुक्रमणिका आणि मराठी संशोधनपत्रिका

प्रस्तावना :
अकोले तालुक्यातील राजूरसारख्या आदिवासी भागातील महाविद्यालयांत संशोधनपत्रिकेच्या संपादनाची जबाबदारी प्राध्यापकांवरच असते. अंतिम मुद्रितशोधनात एखादे कोष्टक वाढले की पुढील सर्व लेखांचे पृष्ठांक बदलतात. हाताने टंकलिखित केलेली अनुक्रमणिका मात्र तशीच राहते. अभ्यासक तोच चुकीचा पृष्ठांक संदर्भात देतो व ती चूक पुढील लेखनात उतरते. ती टाळण्याची पद्धती प्रस्तुत लेखात विशद केली आहे.

कार्यपद्धती :
पेजमेकर (१९८५) व इनडिझाईन (१९९९) या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये अनुक्रमणिका परिच्छेद-शैलीच्या आधारे तयार होते. शीर्षक केवळ ठळक केल्यास सॉफ्टवेअर ते शीर्षक म्हणून ओळखत नाही. म्हणून लेखाचे शीर्षक व लेखकाचे नाव यांसाठी दोन स्वतंत्र शैली निश्चित कराव्यात व त्या सर्व लेखांना लावाव्यात. इनडिझाईनमध्ये ‘लेआउट’ मेनूतील ‘टेबल ऑफ कंटेंट्स’ या आज्ञेत त्या दोन्ही शैली निवडाव्यात. लेखकाच्या नावापुढे पृष्ठांक नको असल्यास तसा पर्याय उपलब्ध आहे. प्रत्येक लेखाची स्वतंत्र फाईल असल्यास त्या ‘बुक’मध्ये एकत्र करून सर्वांचा समावेश करावा.

मराठी मजकुरातील अडचण :
युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असतात. अनुक्रमणिकेच्या शैलीला इंग्रजी फॉन्ट असल्यास शीर्षकांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. त्यामुळे तिलाही मूळ मराठी फॉन्टच द्यावा. युनिकोड मजकुरासाठी इनडिझाईनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडणे आवश्यक आहे. अन्यथा वेलांट्या व जोडाक्षरे विस्कळीत होतात. ही निवड लेखांच्या शैलींप्रमाणेच अनुक्रमणिकेच्या शैलीतही करावी लागते.

दक्षता :
पृष्ठे बदलली तरी इनडिझाईनमधील अनुक्रमणिका आपोआप बदलत नाही. ‘अपडेट’ ही आज्ञा द्यावी लागते. त्या वेळी अनुक्रमणिकेत हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. म्हणून शुद्धलेखनाची दुरुस्ती मूळ शीर्षकातच करावी.

निष्कर्ष :
अनुक्रमणिकेची अचूकता लेखनशिस्तीवर अवलंबून आहे. संपादक-प्राध्यापकांनी शैलींची यादी डीटीपी करणाऱ्यास प्रारंभीच द्यावी, छपाईपूर्वी शेवटचे ‘अपडेट’ करून घ्यावे व प्रत्येक पृष्ठांक प्रत्यक्ष पानाशी ताडून पाहावा. आपल्या पत्रिकेतील लेख उद्या कोणी शोधू लागल्यास तो योग्य पानावर सापडणे, ही लेखकाप्रती असलेली संपादकाची किमान बांधिलकी होय.