गोळी बंद करण्याआधी नर्सताईंना विचारा

मैत्रिणी यावल-रावेरच्या असोत की साक्री-शिरपूरच्या, आजची गोष्ट सगळ्यांच्या घरातली आहे.

आमच्या बचत गटातल्या एका मावशींना बीपीची गोळी सुरू झाली. काही दिवसांनी पाय सुजायला लागले. शेजारीण म्हणाली, "गोळी गरम पडली, सोडून दे." मावशींनी सोडली. सूज उतरली, बरं वाटलं, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. चार महिन्यांनी कापूस वेचताना शेतातच लकवा मारला. पूर्वी त्या रजिस्टरवर सही करायच्या, आता डावा अंगठा उमटवतात.

पुढच्या बैठकीला आम्ही उपकेंद्राच्या नर्सताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, अम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीने काहींचे पाय सुजतात. सांगितलं की डॉक्टर गोळी कमी करतात किंवा बदलून देतात. पण बीपी दुखत नाही, त्यामुळे बरं वाटलं म्हणजे बीपी उतरलं असं नाही.

मग एकेकीने आपली गोळी पुढे केली. साखरेच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. ती जेवणासोबत घ्यावी. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं तर साखर फार खाली जाते. घाम, थरथर, चक्कर आली की लगेच साखर किंवा गूळ खायचा. उपास करायचा असेल तर आधी विचारायचं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, घाबरू नका. ती चहासोबत मात्र घेऊ नका. आणि दिवस गेले असतील तर कोणतीही गोळी चालू असो, ते आधी सांगा.

गोळी घेतल्यावर ओठ-तोंड सुजलं किंवा श्वास लागला, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तो लकवा असू शकतो. वाट न बघता १०८ ला फोन करा.

गोळीसोबत आपलं खाणंही बघायला हवं. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचाही नाही. त्यात पापड, बिबडे, लोणचं, शेव, ठेचा सगळं आलं. मिसरीही तंबाखूच आहे. ती बीपी आणि हृदयाला घातक, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका.

तिशी ओलांडली की बीपी-साखर तपासून घ्या. आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी मोफत होते.

नर्सताई विचारतात, "माय, तुले काय व्हस?" तेव्हा "काही नाही" म्हणू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या गोळ्यांची पाकिटं आणा आणि विचारा: ही कशासाठी, कधी घ्यायची, काय त्रास होऊ शकतो? लाजू नका. मावशी आता प्रत्येक नव्या बाईला हेच सांगतात, "मी विचारलं नाही, तू विचार."